गाऱ्हाण्यात शिरलेलं अपडेट

सकाळी गोकुळदास परब चहात उंडो, म्हणजे गोव्याचा कडक पाव, बुडवायचे आणि नेमका तेव्हाच मेजावरचा फोन उजळायचा. 'नवीन अपडेट उपलब्ध आहे. तुमचा अनुभव अधिक चांगला करण्यासाठी आता इन्स्टॉल करा.' खाली दोन चौकोन. एकात 'आता', दुसऱ्यात 'नंतर'. गोकुळदास बोटाला लागलेला चहा लुंगीला पुसायचे, 'नंतर' दाबायचे आणि फोन पालथा घालायचे. तोवर उंड्याचा लगदा होऊन कपाच्या तळाला गेलेला असायचा.

"नको म्हणूची सोयच ठेवूक नाय मेल्यांनी," ते बायकोला सांगायचे. "आता, नायतर नंतर. म्हणजे करूक व्हयाच. भिकारी बरो. नाय म्हटल्यार दुसऱ्या दारात तरी जाता."

कमलाक्षी दुसरा उंडो पुढे सरकवायची.

गोकुळदासांनी उभी नोकरी पणजीत एका सरकारी खात्यात काढली आणि हेडक्लार्क म्हणून ते निवृत्त झाले. लोकांना 'नंतर या' म्हणायचं हेच तिथलं मुख्य काम, आणि ते त्यांनी मन लावून केलं. पण त्यालाही एक रीत होती, असं त्यांचं म्हणणं. 'नंतर' साहेबानं म्हणायचं आणि समोरच्यानं निमूट परतीची बस धरायची. इथे 'नंतर' म्हणणारे गोकुळदासच होते, पण समोरचा परतीची बस धरत नव्हता. तो रोज सकाळी हसऱ्या चेहऱ्यानं पुन्हा दारात हजर. वर भाषा अशी की साखरेचे डबे ओतलेत. तुमचा अनुभव अधिक चांगला करण्यासाठी! गोकुळदासांचा अनुभव सुधारायला निघालेली ही कोण कुठली पोरं, ज्यांना अजून मिसरूड फुटलं नसेल? पेडण्याच्या बाजारात उभी केली तर त्यांना बांगडा आणि तारली यातला फरक सांगता येणार नाही, आणि ही अनुभव सुधारणार.

त्यांना फोनपेक्षा जास्त चीड येई ती होकार देणाऱ्यांची. त्यात पहिला नंबर सगुणाचा. सगुण त्यांचा चुलतभाऊ, वयानं थोडा लहान, आणि हो म्हणण्यासाठीच जन्माला आलेला. फोनानं काही विचारायचा अवकाश, सगुणाचं बोट 'होय'वर. फोन म्हणाला, तुमचं ठिकाण पाहू का? होय. तुमचे फोटो पाहू का? होय. रोज राशिभविष्य पाठवू का? होय, होय. शेवटी त्याच्या फोनात इतका केरकचरा जमला की साधा कॉल लावायचा तर आधी तीन जाहिराती बघाव्या लागत. गोकुळदास त्याला सोप्यावर बसवून चार माणसांदेखत विचारायचे, "सगुणा, उद्या फोनान विचारलां, तुझां घर माझ्या नावार करतंस काय, तर तू काय दाबतलंस?" सगुण हसायचा. गोकुळदासांना ते हसणंही बिनडोक वाटायचं, आणि ते तसं तोंडावर बोलूनही दाखवायचे.

हा फोन त्यांना दिला होता मुलीनं. हर्षा त्यांची एकुलती एक. नर्सिंग शिकली आणि इंग्लंडला गेली. तिकडे एका वृद्धाश्रमात नोकरी करते, आणि आता तिथे कायमचं राहण्याची परवानगी मिळावी म्हणून तिनं अर्ज केला होता. ही गोष्ट गोकुळदासांच्या घशाखाली उतरत नव्हती. परक्यांच्या म्हाताऱ्यांना न्हाऊमाखू घालायला आपली पोर, आणि आपल्या घरी आपण दोघं एकमेकांच्या पाठीला बाम चोळतो. डिचोलीला एका खासगी इस्पितळात त्यांची ओळख होती. तिथे हर्षासाठी जागा मिळण्यासारखी होती, ते स्वतः जाऊन विचारून आले होते. पण हे त्यांनी मुलीला सांगितलं नाही. फोनवर ते तिला वेगळंच काहीतरी बोलायचे. "थंयचे म्हातारे अजून मरूक नाय?" किंवा "तुमच्या त्या देशात सूर्य उगवता, का तोय रजेर?" हर्षा उसनं हसायची. मग कमलाक्षी फोन हातात घेऊन खिडकीकडे जायची आणि दोघी हळू आवाजात बोलत राहायच्या.

चैत्रात वाड्याच्या राखणदाराला, म्हणजे वस्ती सांभाळणाऱ्या देवाला, रोट द्यायचा असतो. तांदळाच्या पिठाचा जाडजूड भाजलेला रोट, नारळ, आणि काजूच्या हंगामातली ताजी दारू, हुर्राक. सगळा वाडा वडाखालच्या घुमटीपाशी, देवाच्या छोट्या देवळीपाशी, जमतो, आणि देवाला गाऱ्हाणं घातलं जातं. हे गाऱ्हाणं घालायचा मान गोकुळदासांचा. वडिलांमागून तो त्यांच्याकडे आला, आणि खरं सांगायचं तर त्यांच्याइतकं गाऱ्हाणं आजूबाजूच्या कुठल्याच वाड्यावर कुणाला घालता येत नाही. आवाज खणखणीत, शब्द एकाला एक लागून येणारे. ते एकेक मागणं मांडतात, 'म्हाराजा' म्हणून थांबतात, आणि सगळे एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" की पुढचं मागणं. त्या दिवशी गोकुळदासांचं पोट सुटलेलं दिसत नाही आणि त्यांचा तुसडा स्वभाव कुणाच्या लक्षात राहत नाही.

रोटाच्या आठवडाभर आधी हर्षाचा फोन आला.

"बाबा, माझ्या कागदांचां आता कधीय कळतलां. रोटाच्या दिवसा माझ्या नावान गाऱ्हाणां घालशात? कागद जावंदेत म्हणान. माझी रातपाळी सुटता तेव्हाच तुमचां गाऱ्हाणां आसतां. मी फोनार आयकतंय आनी तुमच्यावांगडा व्हय म्हणतंय."

गोकुळदास म्हणाले, "घालतंय. माझां कामच तां."

"आनी बाबा, तो अपडेट करून घेवा. आई सांगता, म्हयनो झालो फोन विचारता म्हणान. ऐन वेळार बंद पडात."

"माझ्या फोनान कधी काय करूचां तां मी ठरयतलंय," गोकुळदास म्हणाले. "तेच्या मालकान नाय आनी तुयां पण नाय."

त्या आठवड्यात फोननं कहरच केला. आधी अपडेटचा निरोप नुसता सकाळी यायचा, तो दुपारीही यायला लागला. 'तुमचं अपडेट डाउनलोड झालं आहे.' कुणाला विचारून डाउनलोड झालं? परवानगी कुणी दिली? चोरानं घरात शिरून सामान आतल्या खोलीत मांडावं आणि मग बाहेर येऊन विचारावं, ठेवू ना? गोकुळदासांनी फोन तांदळाच्या डब्यावर ठेवला, मग देव्हाऱ्याखाली ठेवला, शेवटी कमलाक्षीच्या कपाटात लुगड्यांखाली ठेवला. तिथूनही तो टुणटुण करायचा. सगुण म्हणाला, "गोकुळदा, एकदा होय म्हण आनी सुटून जा." यावर गोकुळदासांनी त्याला जे ऐकवलं ते ऐकून सगुण दोन दिवस सोप्यावर फिरकला नाही.

रोटाच्या दिवशी भर दुपारी वाडा जमला. घुमटी फुलांनी मढवलेली, समोर केळीच्या पानावर रोट, बाजूला हुर्राकीची बाटली. पुरुष एका अंगाला, बायका दुसऱ्या अंगाला. कमलाक्षी पुढेच होती, नवं लुगडं नेसून. हर्षाचा व्हिडिओ कॉल आला. अंगावर कामाचे निळे कपडे, डोळ्यांखाली रात्रीचं जागरण, पण कपाळाला टिकली लावली होती. ती तिनं याच्यासाठी लावली असणार हे गोकुळदासांना कळलं.

आता हात जोडायचे म्हणजे फोन कुणाला तरी द्यायला हवा. हाताशी उभा होता सगुणच. गोकुळदासांनी फोन त्याच्या हातात दिला आणि बजावलं, "फक्त धर. कशाक बोट लावू नको. श्वास घेवक हरकत नाय."

"व्हय गोकुळदा," सगुण म्हणाला.

मग गोकुळदासांनी डोळे मिटले.

"बा देवा राखणदारा म्हाराजा! आज ह्या वाड्याच्या लेकरांनी एकठय येवन तुज्यासमोर रोट ठेवलो हा. तो गोड मानून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"वाड्यार कोण आजारी आसात, कोणाची गुरां वाट चुकली आसतीत, कोणाच्या घरात भांडाण आसात, तां सगळां तुज्या पायाकडे घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" फोनातून हर्षाचा बारीक आवाज सगळ्यांच्या किंचित मागून आला. काहीजण हसले. गोकुळदासांना तो आवाज ऐकून बळ आलं, आणि त्याच बळात त्यांच्या मनानं पलटी खाल्ली. हा आवाज इथे हवा. या वडाखाली, या बायकांत, आईच्या शेजारी. फोनाच्या पाठीमागून नको. मागायचंच आहे तर देवाकडे खोटं कशाला मागायचं? त्यांनी आवाज चढवला आणि शब्दांची वीण जास्तच घट्ट केली, म्हणजे कुणाला मधला टाका दिसणार नाही.

"आनी म्हाराजा, माझां लेकरू हर्षा दर्यापलीकडे जावन रवलां हा. तिच्या हाताक यश दी, तिच्या पायाक बळ दी, तिच्या जिवाची राखण कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिचे कागद परक्या सरकारच्या मेजार पडले हत. तेंची वाट तू तुज्या हातान अशी वळय, की ती वाट आमच्या दारात येवन पोचांदे. परक्या मुलखाचो मोह तिच्या मनातसून काढ, आनी परत्या पावलान तिका आमच्यात हाड म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळा वाडा एका दमात म्हणाला. आणि त्या गजरात सगुणाच्या हातातल्या फोनवर एक चौकोन वर आला. 'अपडेट पूर्ण करण्यासाठी फोन पुन्हा सुरू करायचा का?' सगुण तोंडानं व्हय म्हणतच होता. तोंडाबरोबर बोटही गेलं.

गोकुळदासांनी डोळे उघडले तेव्हा फोन काळा झाला होता. हर्षा नव्हती. मधोमध एक पांढरा गोल फिरत होता, आणि त्याखाली लिहिलं होतं, 'कृपया फोन बंद करू नका.'

"काय केलंस?"

"तेणां विचारलां..." सगुण म्हणाला.

"तेणां विचारलां आनी तू व्हय म्हटलंस! म्हयनोभर मी तेका दारात उभो करूक नाय, आनी तुयां तेका देवासमोर हाडून बसयलंस! अरे बैल पण जुवाखाली मान घालूच्या आधी एकदा फुरफुरता. तुका तितकीय अक्कल नाय!"

बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. रोट थंड होत होता. गाऱ्हाणं अर्धवट सोडून रोट वाटता येत नाही, म्हणून सगळे तसेच उभे होते, आणि गोकुळदास सगुणाला धुऊन काढत होते. पण त्यांचा आवाज जेवढा चढत होता तेवढा आतून एक प्रश्न त्यांना कुरतडत होता. फोन कधी बंद पडला? त्या वाक्याआधी की नंतर? हर्षानं ते ऐकलं का? ऐकलं नसेल तर बरंच झालं, असं वाटून त्यांना सगुणाबद्दल क्षणभर मायाही वाटली. ती त्यांनी लगेच गिळून टाकली.

फोन एकदाचा जागा झाला. सगळी चित्रं जागा बदलून बसलेली, रंग भडक. 'स्वागत आहे! नवीन काय आहे ते पाहा.' गोकुळदासांनी नवीन काय आहे ते पाहिलं नाही. पुढे एक लांबलचक मजकूर आला आणि तळाला एकच चौकोन, 'मला मान्य आहे.'

"दाब गोकुळदा," सगुण लांबूनच म्हणाला. "तां कोण वाचना नाय."

झालं. हेडक्लार्क खवळला. कोण वाचत नाही? गोकुळदास परब वाचतो! चष्मा लावून ते घुमटीच्या पायरीवर बसले आणि वाडाभर माणसं ताटकळत उभी असताना एकेक ओळ मोठ्यानं वाचू लागले. सुरुवातीला गोडगोड बोलणं, तुमचा विश्वास, तुमची सुरक्षितता, आमचं कुटुंब. मग मध्येच, कुणाच्या ध्यानात येणार नाही अशा जागी, एक वाक्य. फोन वापरत राहिल्यास तुमची माहिती आमच्या सोबत्यांना देण्यास तुमची संमती आहे असं मानलं जाईल.

"बघितलास!" गोकुळदासांनी मांडीवर थाप मारली. "चोर! बरां बरां बोलता बोलता मधीच घुसडलां! माणूस माना डोलयत आसता, आनी तेवढ्यात आपल्याक जां व्हया तां ह्यांनी पदरात पाडून घेतलां!"

माणसांनी माना डोलावल्या. कमलाक्षी बायकांतून दोन पावलं पुढे आली. ती चारचौघांत नवऱ्याशी बोलत नसे.

"आनी तुमी काय केलास?" ती म्हणाली.

"मी? मी काय केलंय?"

"पोरीन जां सांगलेलां तां तुमी मागलास?"

गोकुळदासांनी इकडे तिकडे पाहिलं. त्यांना वाटलं, आता सगळे आपल्याकडे बोट दाखवणार. पण लोकांच्या तोंडावर नुसतं कोरं कुतूहल होतं. काय मागितलं, काय नाही, कुणाला पत्ताच नव्हता.

"सगुणा," गोकुळदास म्हणाले, आणि आवाज त्यांना वाटला तेवढा खणखणीत आला नाही. "मी हर्षासाठी काय मागलंय, सांग."

सगुण घुटमळला. "बरां होवंदे म्हणान... नाय?"

"रुद्रेशा, तू सांग."

"लग्नाचां काय तरी होतां," पलीकडून रुद्रेश म्हणाला. तो वाड्याच्या समितीचा सेक्रेटरी. त्याच्यामागून कुणीतरी म्हणालं, नोकरीचं. आणखी कुणी म्हणालं, गुरांचं.

आधी गोकुळदासांना हायसं वाटलं. कुणी ऐकलंच नाही, म्हणजे लबाडी झाकली गेली. आणि पाठोपाठ जे वाटलं त्यानं त्यांचं तोंड कडू झालं. इतकी वर्षं! त्यांनी रात्र रात्र जागून जुळवलेले शब्द, वडिलांपेक्षा वरचढ व्हायची ती सगळी धडपड, आणि ही मंडळी फक्त 'म्हाराजा' कधी येतं याची वाट बघत उभी असायची. तिथे दुसरा कुणी उभा राहून टेलिफोनची बिलं वाचत बसला असता तरी यांनी व्हयच म्हटलं असतं. त्यांना सगळ्या वाड्याची किळस आली. मग स्वतःचीही आली, कारण आज ते याच गोष्टीच्या भरवशावर होते. कुणी ऐकत नाही हे त्यांना आतून ठाऊक असल्याशिवाय त्यांनी ते वाक्य तिथे घुसवलंच नसतं.

त्यांनी 'मला मान्य आहे'चा चौकोन दाबला. आता न दाबून शहाणपण सांगायचं कुणाला? लगेच फोन वाजला. हर्षा होती. टिकली तशीच होती, डोळे ओले होते.

"फोन बंद पडलो," गोकुळदास घाईघाईनं म्हणाले. "सगुणान काय तरी दाबल्यान. तुका खंयवर आयकाक इलां?"

"परत्या पावलान हाड म्हटलास, थंयवर."

गोकुळदास पायरीवरून उठले आणि वडाच्या पलीकडच्या अंगाला गेले. लोकांना ऐकू जाऊ नये एवढ्या लांब. तिथे काजूची बोंडं पडून कुजत होती आणि त्यांवर माश्या घोंघावत होत्या.

"बाबा," हर्षा म्हणाली, "तुमी देवाक सांगलास. वाड्याक व्हय म्हणाक लायलास. माका एकदा तरी विचारलास? घरा ये, असां एकदा तरी तुमी माका म्हटलास?"

"म्हटलां नाय?"

"नाय. म्हातारे मरूक नाय काय, तां विचारलास. सूर्य रजेर आसा काय, तां विचारलास."

गोकुळदासांकडे शब्दांचा तोटा कधी नव्हता. आता ते बोंडांवरच्या माश्या बघत राहिले. डिचोलीच्या इस्पितळाचं सांगावं, पाठीच्या दुखण्याचं सांगावं, आई रात्री तुझ्या खोलीतला दिवा लावून ठेवते ते सांगावं, असं सगळं एकदम मनात आलं. त्यांनी चष्मा काढला. लुंगीनं पुसला. परत लावला.

"येशीत?" ते म्हणाले.

आयुष्यात इतकं छोटं मागणं त्यांनी कुणाकडेच मागितलं नव्हतं. मागे म्हाराजा नाही, पुढे आशीर्वाद नाही. हर्षानं उत्तर द्यायला वेळ घेतला. तिनं खरंच विचार केला, हे त्यांना तिच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि तेवढ्या वेळापुरती त्यांना आशाही वाटली.

"नाय, बाबा," ती म्हणाली.

त्यांना लागलं. फार लागलं. ते लपवायला काहीतरी कुजकं बोलावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण हर्षाच आधी बोलली.

"सुट्टीर येतलंय, दरवर्साक येतलंय," हर्षा म्हणाली. तिचा आवाज फाटला. "पण रवतलंय हंयच. माका हंय बरां वाटता बाबा. माझ्या हाताक हंय मान आसा. जावा, आनी माझां गाऱ्हाणां घाला. मी सांगलेलां, तसां."

गोकुळदास परत घुमटीपुढे आले. फोन त्यांनी या खेपेला कमलाक्षीकडे दिला. सगुण हात मागे बांधून उभा होता. गोकुळदासांनी हात जोडले, आणि डोळे मिटायचे विसरले.

"देवा, मगाशी मी मागलंय तां चुकीचां होतां," ते म्हणाले. "तां मी माझ्यासाठी मागलंय. हर्षाक हंय येवचां नाय. ती थंयच रवतली. तिचे कागद होवंदेत. तिका थंयच बरां ठेव म्हाराजा."

ते थांबले.

नेहमीच्या जागी थांबले, नेहमीएवढेच थांबले, पण समोरून काही आलं नाही. रुद्रेश जमिनीकडे बघत होता. बायका एकमेकींकडे बघत होत्या. सगुणाचं तोंड अर्धवट उघडं राहिलं होतं. कमलाक्षीनं फोन छातीशी धरला होता आणि ती नुसती रडत होती, फोनातूनही हर्षाचे हुंदकेच येत होते. वाड्यानं आज पहिल्यांदा गाऱ्हाणं ऐकलं होतं, आणि ऐकल्यावर व्हय म्हणायला कुणाचीच जीभ रेटेना. एका बापाची पोर कायमची लांब जावी याला हो कोण म्हणणार?

गाऱ्हाणं घालणाऱ्यानं स्वतः होकार द्यायची पद्धत नाही. गोकुळदासांनी तो जन्मात कधी दिला नव्हता. त्यांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं, घसा साफ केला, आणि एकट्यानंच म्हटलं,

"व्हय म्हाराजा."